जमीन निवली का?

नानांची जमीन प्रवरेच्या काठाला. विहिरीला पाणी होते. दारात एक म्हैस आणि तिची पारडी होती. चैत्रात कडबा संपत आला. तेव्हा नानांनी पंधरवड्याच्या दुधाचे पैसे मोजले आणि घासाचे पाच किलो बी आणले. घास म्हणजे लसूणघास. अर्ध्या एकराला एवढे बी पुरते.

नानांनी वाफे केले, बी टाकले, पाणी दिले. चार दिवसांनी कोंब दिसले. आठव्या दिवशी ते करपून गेले. निम्मे बी तर वर आलेच नाही. वैशाखात वैरण विकत घ्यायला पैसे उरले नव्हते. म्हैस बाजारात गेली. पारडी तेवढी राहिली.

नाना म्हणाले, "बी खोटं निघालं."

बी खोटे नव्हते. वेळ चुकली होती.

पेरताना आपण आभाळ पाहतो, वारा पाहतो. पण बी काही वाऱ्यावर राहत नाही. ते राहते मातीत. घासाचे बी बारीक, म्हणून ते जेमतेम एक बोट खोल असते. तिथे किती ऊब आहे, ते पाहायला हवे. चैत्र-वैशाखात भर दुपारी उघड्या काळ्या मातीचा वरचा थर ५० अंशांच्याही वर तापतो. पाणी दिले की तो निवतो. पापुद्रा सुकला की पुन्हा तापतो. कोवळा कोंब तिथे कसा तगणार? घासाच्या बियाला सुमारे २० ते २५ अंश ऊब मानवते.

काळी माती इतकी का तापते? काळा रंग ऊन पिऊन घेतो. पांढरा रंग ऊन परतवतो. पुण्याला हवामान खात्यात १९३२ साली शेतीच्या हवामानाची शाखा निघाली. डॉ. रामदास तिचे प्रमुख होते. त्यांनी काळ्या मातीवर पांढऱ्या खडूच्या भुकटीचा पातळ थर पसरून पाहिला. खालची माती थंड राहिली! नुसता रंग बदलला, तर एवढा फरक पडला. शेतात कोणी खडू पसरत नाही, हे खरे. पण तुमची काळी जमीन शेजारच्या मुरमाड जमिनीपेक्षा जास्त तापते, एवढे ध्यानात ठेवा.

दसरा आला. नानांनी पुन्हा बी आणले. या वेळी सुनबाई आडवी आली.

"मामंजी, थांबा की जरा. अजून जमीन निवली नाही."

"पाऊस सरला, पोरी. आता कशाला थांबायचं?"

"दुपारी हात घालून बघा."

नानांनी दोन बोटे माती उकरली आणि हात ठेवला. माती कोमट लागली. आपले अंग ३७ अंशांच्या आसपास गरम असते. हात त्याहून थोडा कमी. म्हणजे जी माती हाताला कोमट लागते, ती घासाच्या बियाला जास्तच गरम. ही झाली हाताची पारख.

सुनबाईने कृषी सहाय्यकांकडून मातीचा थर्मामीटर मागून आणला. ती रात्रीच्या वर्गाला जाते, आकडे वाचते. तिने तो दोन बोटे खोल रोवला. सकाळी सातला पाहिले, दुपारी दोनला पाहिले. जागा रोज तीच ठेवली. एकदाच पाहून कळत नाही. सकाळी माती थंड असते आणि दुपारी तापते.

दसऱ्याला सकाळी २४ आणि दुपारी ३८ अंश भरले. नाना थांबले. मनातून कुरकुरत होते, पण थांबले. दिवाळी झाली. सकाळी २०, दुपारी २८ भरले. सलग चार दिवस तेच. मग वाफसा पाहून बी टाकले. फार उशीरही बरा नव्हे. पौषाच्या थंडीत बी उगवायला फार दिवस घेते आणि तोवर तण पुढे जाते.

पण सगळ्याच गवतांना थंडी लागत नाही. अंजन, पवना, मारवेल ही माळावरची गवते उन्हाळी प्रकृतीची. त्यांना ऊब हवी, पण ओल्या जमिनीतली. त्यांचे बी मृगाच्या पावसात टाकावे. वळवाच्या एका सरीवर टाकू नये. वळीव वरची दोन बोटेच भिजवतो. बी फुगते, कोंब काढते, आणि दोन दिवसांच्या उन्हात मरते. वीतभर ओल गेली, की टाका. अंजनाचे बी यंदाचे ताजे नसावे. ते नीट उगवत नाही. एक वर्ष मुरलेले बरे.

नानांच्या घासाची पहिली कापणी पंचावन्नाव्या दिवशी झाली. पुढच्या कापण्या महिन्या-महिन्याने होत राहिल्या. घास चांगला राखला तर तीन वर्षे चालतो. नाना पारडीला तो कडब्यात मिसळून घालतात. नुसता ओला घास उपाशी जनावराने खाल्ला, तर पोट फुगते आणि जनावर दगावूही शकते.

पेरणीची तारीख आणि त्या दिवसाचे अंश सुनबाईने खडूने दाराच्या मागे लिहून ठेवले आहेत.