परक्या पैशाच्या अटी आणि गावचं पाणी

२००३ साली जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्यातून महाराष्ट्रात ‘जलस्वराज्य’ प्रकल्प सुरू झाला. मागेल त्या गावाला नळयोजना, पैसा थेट गावाच्या खात्यात, पण हप्त्याहप्त्याने आणि अटी पाळल्या तरच. विदर्भातल्या एका तालुक्यात मी सहाय्यकारी संस्थेचा कार्यकर्ता म्हणून गावोगाव फिरलो. त्या वर्षांनी जे शिकवलं ते इथे मांडतो.

१. मदत म्हणू नका, कर्ज म्हणा.
हा पैसा बँकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेकडून आला होता. सवलतीचं, लांब मुदतीचं, पण कर्जच. सुरुवातीला मीही सभेत ‘बाहेरची मदत’ म्हणायचो आणि लोक मुकाट ऐकून घरी जायचे. पुढे ‘हे कर्ज आहे, आपल्याच करातून फिटणार आहे’ असं सांगू लागलो, तेव्हा माणसं पाइपवरचा आयएसआय शिक्का बघायला लागली. चर किती खोल खणला, हेही मोजू लागली.

२. अटी परक्या वाटल्या, तरी बऱ्याचशा आपल्याच होत्या.
ग्रामसभेला घटनेत स्थान ७३ व्या दुरुस्तीने मिळालं. लोकवर्गणीचं, मागणीवर आधारलेलं धोरण राज्य सरकारने जुलै २०००मध्येच जाहीर केलं होतं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यावी, हेही आपल्याच कायद्यात आलं. सावकाराने, म्हणजे जागतिक बँकेने, फक्त हप्ता या अटींना बांधला. तोवर ग्रामसभेच्या प्रोसिडिंग बुकात घरोघर फिरून सह्या घेतल्या जायच्या. हप्त्यासाठी मात्र माणसं खरोखर पारावर जमली. याचं मला समाधान वाटलं आणि वाईटही.

३. वर्गणी दारोदार जाऊनच गोळा करा.
योजनेच्या खर्चाचा दहा टक्के वाटा गावाने उचलायचा, आदिवासी गावाने पाच टक्के. एका गावात वर्गणी जमेना. एके दिवशी सगळी रक्कम एकदम बँकेत भरली गेली. ती ठेकेदाराने भरली होती. मला ते कळलं होतं. हप्त्याची तारीख जवळ होती म्हणून मी गप्प राहिलो. पुढे टाकी गळू लागली, तेव्हा त्याला जाब विचारायला कुणी उठलं नाही. ज्याने आपला वाटा भरला त्याच्यासमोर बोलायचं कसं? शेजारच्या वाडीत मात्र मजुरीवर जाणाऱ्या बायांनी आठवड्याच्या बाजाराला वीस-वीस रुपये काढून वर्गणी पुरी केली. त्यांच्या वाडीत पाइप फुटला की संध्याकाळच्या आत समितीच्या दारात दहा जणी उभ्या असत. त्या गावातलं माझं मौन मला आजही सलतं.

४. निम्म्या जागा देऊन थांबू नका, पासबुक हाती द्या.
पाणीपुरवठा समितीत निम्म्या महिला असाव्यात, ही अट कागदावर सहज पुरी व्हायची. एका गावात समितीच्या खजिनदार बाई मला म्हणाल्या, “भाऊ, सही मीच करतो, पन पैसे कशाले काढले ते मले कोनी सांगत नाई.” पासबुक दुसऱ्याच्याच कपाटात होतं. महिला सभेने ठराव करून ते त्यांच्या घरी ठेवायला लावलं आणि दर महिन्याला त्या खर्च वाचून दाखवू लागल्या. अट आली होती कागदातून. ती खरी झाली त्या दिवशी.

५. हिशेब फलकावर लिहा.
किराणा दुकानाजवळच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात. हा हिशेब तपासणाऱ्या सामाजिक लेखापरीक्षण समितीत पाणी समितीतल्यांचे भाऊबंद नकोत.

६. नळाआधी उद्भव, म्हणजे पाण्याचा स्रोत, पाहा.
आमच्या तालुक्यात संत्र्याच्या बागा. एका गावात योजनेची विहीर भर मार्चमध्ये आटली, कारण तिच्या आसपास बागांसाठी नवे बोअर पडले. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक उद्भवापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेता येत नाही, असं १९९३च्या भूजल कायद्यात होतं. पण बागवाला आपलाच चुलता. तक्रार कोण करणार? पाइप, टाकी, हिशेब सगळं तपासलं जायचं, शेजारच्या शेतातलं पाणी मात्र कुणाच्या तपासणीत नव्हतं. विहिरीची जागा ठरवण्याआधीच बागवाल्यांना सभेत बसवायला हवं होतं.

७. प्रकल्प संपतो, वीजबिल संपत नाही.
शेवटचा हप्ता मिळाल्यावर विचारणारं कुणी उरलं नाही. ज्या गावांनी पाणीपट्टी भिडेखातर ठरवली, तिथे थकबाकी वाढून मोटारीची वीज तुटली आणि बाया पुन्हा हंडे घेऊन विहिरीवर गेल्या. ज्या गावाने दरवर्षी बिल, दुरुस्ती आणि पाणी सोडणाऱ्याचा पगार जाहीर मांडून पट्टी ठरवली, तिथे नळ चालू राहिले.

२०१९ साली जलजीवन मिशन आलं. पैसा केंद्राचा आणि राज्याचा, पण त्यातही समितीत निम्म्या महिला, गावातल्या कामाला दहा टक्के वर्गणी, डोंगराळ व आदिवासी गावांना पाच. अटी ओळखीच्या आहेत, फक्त परदेशातून तपासायला येणारं पथक नाही. म्हणून नव्या समित्यांना माझं कळकळीचं सांगणं एकच : पहिल्या बैठकीत विचारा, पासबुक कुणाच्या घरी आहे?