बॅटरीवरील दुचाकी : दुरुस्ती आधी, सुधारणा नंतर



गट ऑफिस, काटा, डेअरी आणि शिफ्टची ये-जा यासाठी आपल्या भागात बॅटरीवरच्या गाड्या आता बऱ्याच दिसतात. दोन-तीन वर्षांनी मात्र "गाडी पळंना झाली" ही तक्रार सुरू होते. अशा वेळी घाईने मोठी बॅटरी घेऊ नये. दोष शोधून मगच पैसा घालावा.

1) फुकटची तपासणी : टायरची हवा, घासणारा ब्रेक आणि ढिल्या वायरी आधी बघाव्यात. चाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. बॅटरीच्या टोकावर पांढरी बुरशी किंवा जळाल्याचा डाग असल्यास जोड साफ करून घट्ट करावा. त्याआधी एमसीबी बंद करावा. हातातले कडे, अंगठी काढून ठेवावी.

2) बॅटरीची परीक्षा : 48 व्होल्टच्या शिशाच्या संचात 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात. पूर्ण चार्ज करून दोन तासांनी प्रत्येक बॅटरी वेगळी मोजावी. चांगली बॅटरी 12.7 व्होल्टच्या पुढे दाखवते. नंतर मेकॅनिककडून लोड देऊन पुन्हा मोजावी. तीन 12 च्या आसपास राहिल्या आणि एक 10.5 च्या खाली गेली, तर दोष तिचाच. जोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते, तसंच हे. मात्र संच जुना असेल तर चारही एकदम, एकाच मेकच्या बदलाव्यात. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर जाते.

3) हिशेब : 48 व्होल्ट गुणिले 24 अँपिअर-तास म्हणजे 1,152 वॅट-तास, सव्वा युनिटही नाही. किलोमीटरला 25 वॅट-तास धरले तर कागदावर 46 किलोमीटर होतात. चढ, ओझे आणि बॅटरीचे वय बघता 30 च धरावेत. रोजचे जाणे-येणे 20 किलोमीटर असेल तर मोठ्या बॅटरीची गरज नाही.

4) लिथियम बसवताना : ही बॅटरी हलकी आणि जास्त टिकाऊ, पण जुना चार्जर तिला लावू नये. 48 व्होल्टच्या शिशाच्या संचाचा चार्जर सुमारे 59 व्होल्टपर्यंत जातो. 13 सेलच्या लिथियम संचाची हद्द 54.6 आहे. जादा भरणा झाला तर आग लागू शकते. म्हणून संरक्षक सर्किट असलेला, एआयएस-156 प्रमाणित संच, त्याचाच चार्जर आणि पक्कं बिल घ्यावं.

5) मोटार वाढवू नये : 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाची ठरावीक वजनाची गाडीच नोंदणी व लायसन्समधून सुटते. कंट्रोलर बदलून वेग वाढवला की ही सवलत जाते, आणि ब्रेक तर जुनेच राहतात.

शेवटी एवढंच. मे महिन्याच्या उन्हातून आल्यावर गाडी अर्धा तास सावलीत थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. चार्जिंग कडब्याच्या गंजीजवळ किंवा झोपायच्या खोलीत कधीच करू नये. गाडी गेली तर दुसरी येईल. गोठा आणि माणूस परत येत नाही.

— ऊस विकास अधिकारी