लिंबू, संत्रे आणि फुलांच्या स्वादाची खुसखुशीत बिस्किटे

बोरिवलीच्या जेटीवरून बोटीने खाडी ओलांडली की गोराई लागते. गोराई, मनोरी, कुलवेम, उत्तन ही धारावी बेटावरची गावे मुंबईला अगदी लागून असूनही अजून नारळ, भाजीपाला आणि परसबाग सांभाळून आहेत. येथील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत नाताळच्या आधी पंधरा दिवस घराघरांतून कुलकुल, न्यूरी, दुधाची वडी, पेरूचे चीज आणि नानकटाई होते. गोराईचे चर्च तीन राजांच्या, म्हणजे होली मॅगी यांच्या नावाने आहे. त्यामुळे २५ डिसेंबरला सुरू झालेला सण येथे ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत चालतो आणि फराळाची ताटेही तोपर्यंत शेजारीपाजारी फिरत राहतात.

या दिवसांत शहरातून घरगुती पदार्थांना मागणी असते. दुसरीकडे परसातील लिंबे झाडाखाली पडून वाया जातात आणि फुलांना चांगला भाव मिळेलच याची खात्री नसते. या दोन्हींचा मेळ घालणारा एक पदार्थ म्हणजे फळांच्या सालीचा व फुलांचा स्वाद दिलेले शॉर्टब्रेड बिस्कीट. त्याला अंडे लागत नाही, साहित्य मोजके लागते आणि ते नानकटाईच्या जवळचे असल्याने आपल्या हाताला परके वाटत नाही.

मोहनाचे गणित

शॉर्टब्रेड हा मूळचा स्कॉटलंडचा पदार्थ. त्याचे प्रमाण लक्षात ठेवण्यास सोपे आहे : वजनाने एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा. आपण शंकरपाळ्यांना किंवा चिरोट्यांना मोहन घालतो, तेच तत्त्व येथे आहे, फक्त मोहन फार जास्त. मैद्यातील प्रथिनांना पाणी मिळाले की त्यांचा चिवट जाळीदार पदार्थ तयार होतो. पोळी ताणली जाते ती त्यामुळे. पाणी लागण्याआधीच मैद्याचा कण स्निग्धाने लेपला गेला तर ही जाळी बनत नाही आणि पदार्थ तोंडात विरघळतो. म्हणून या पिठात पाणी, दूध किंवा रस घालावयाचा नाही आणि पीठ मळावयाचेही नाही, फक्त एकत्र आणावयाचे. जी भगिनी पोळीसारखे पीठ तिंबेल, तिची बिस्किटे दातांना कडक लागतील, मग लोणी कितीही चांगले असो.

लोणी आणि तूप यांत फरक आहे हे ध्यानात घ्यावे. विकतच्या लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश आणि १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असते. घरी काढलेल्या लोण्यात ताकाचा अंश राहिल्यास पाणी याहूनही जास्त असते. तूप जवळजवळ संपूर्ण स्निग्ध असते. त्यामुळे २०० ग्रॅम लोण्याऐवजी तूप वापरावयाचे झाल्यास १६० ग्रॅम पुरेसे होते. तूप पातळ नको, थिजलेले रवाळ घ्यावे. घरचे लोणी वापरताना ते थंड पाण्यात दोन-तीनदा धुऊन फडक्यावर निथळून घ्यावे. वनस्पती तुपाने बिस्किटे स्वस्तात होतील, परंतु लिंबाचा किंवा गुलाबाचा नाजूक स्वाद खुलतो तो लोण्यावर. वनस्पतीत तो उघडा पडतो आणि टाळूला मेण चिकटल्यासारखे वाटते. स्वाद हेच ज्या पदार्थाचे भांडवल आहे तेथे ही काटकसर करू नये.

साहित्य

मैदा २५० ग्रॅम, तांदळाची बारीक पिठी ५० ग्रॅम, बिनमिठाचे लोणी २०० ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, मीठ चिमूटभर. तांदळाच्या पिठीने बिस्किटाला रवाळ खुसखुशीतपणा येतो. स्वादासाठी लिंबाच्या सालीचा कीस २ चहाचे चमचे किंवा एका मोठ्या संत्र्याच्या सालीचा कीस. फुलांचा स्वाद द्यावयाचा असल्यास त्याविषयी पुढे सांगितले आहे. सोडा किंवा बेकिंग पावडर लागत नाही. नानकटाई फुगून तडकावी म्हणून सोडा घालतात, येथे बिस्कीट आकाराने तसेच राहावयास हवे.

सालीचा कीस

लिंबूवर्गीय फळांचा सुगंध रसात नसतो, सालीत असतो. सालीच्या बाहेरील रंगीत थरात तेलाच्या बारीक पिशव्या असतात. त्याखालचा पांढरा मऊ थर कडू असतो. म्हणून बारीक किसणीवर फळ हलक्या हाताने फिरवून फक्त रंगीत थर घ्यावा, पांढरे दिसू लागले की फळ वळवावे. कागदी लिंबाची साल फार पातळ असल्याने येथे हात जपावा लागतो. चार मध्यम लिंबांत दोन चमचे कीस निघतो. संत्रे सोलण्यापूर्वीच किसावे, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते व सोलल्यावर ती किसणीवर टिकत नाही.

कीस काढल्याबरोबर तो साखरेत घालून बोटांच्या टोकांनी चोळावा. साखरेच्या कणांनी तेलाच्या पिशव्या फुटतात, साखर ओलसर व सुगंधी होते आणि तेल साखरेत धरून राहते. नुसता कीस पिठात टाकण्यापेक्षा या एका मिनिटाच्या कामाने स्वाद कितीतरी वाढतो. यासाठी साखर भरड दळलेली असावी. रस मात्र सरबताला किंवा लोणच्याला वापरावा, पिठात घालू नये.

फळ कोणते घ्यावे? आपल्या झाडाचे, नुकतेच काढलेले. बाजारातील चकचकीत फळांवर, विशेषतः बाहेरदेशाहून आलेल्या संत्र्यांवर, मेणाचा थर आणि बुरशीनाशक लावलेले असू शकते. रस काढावयाचा असेल तर त्याने फारसे बिघडत नाही, पण येथे आपण सालच खाणार आहोत. बाजारचेच फळ घ्यावे लागले तर कोमट पाण्यात ब्रशने घासून धुवावे व पुसून घ्यावे. घरच्या झाडावर फवारणी केली असल्यास औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रतीक्षा काळ पूर्ण झाल्याशिवाय फळ काढू नये.

हंगामाचा विचार केल्यास, लिंबाचा मृग बहार हिवाळ्यात हाती येतो आणि आंबे बहाराची फळे पावसाळ्यात, त्यावेळी भाव पडलेले असतात. हस्त बहाराची फळे उन्हाळ्यात येतात तेव्हा लिंबू विकणेच फायद्याचे, बिस्किटांत घालू नये! संत्र्याच्या आंबिया बहाराची फळे नाताळच्या सुमारास मुंबईच्या बाजारात भरपूर असतात. नवीन लागवड करणाऱ्यांना राहुरी विद्यापीठाची साई सरबती आणि परभणी विद्यापीठाच्या विक्रम व प्रमालिनी या कागदी लिंबाच्या जाती उपलब्ध आहेत.

एक सूचना. लिंबाच्या सालीतील तेल हाताला लागून तसेच उन्हात गेल्यास कातडीवर फोड व काळे डाग पडू शकतात. कीस काढल्यावर साबणाने हात धुऊनच शेतात जावे. लहान मुलांना हे काम देऊ नये.

फुले : सुगंधाआधी सुरक्षितता

परदेशी पाककृतींत लव्हेंडर सांगितलेले असते. काश्मीरकडे त्याची शेती होते, आपल्या दमट किनाऱ्यावर ते धड येत नाही आणि त्याची गरजही नाही. आपल्याकडे गावठी गुलाब व मोगरा आहे. मात्र विकण्यासाठी पिकविलेले फूल आणि खाण्यासाठीचे फूल यांत मोठा फरक आहे. मोगऱ्यावर कळी पोखरणारी अळी व लाल कोळी यांसाठी, गुलाबावर फुलकिडे, कोळी व भुरी यांसाठी वारंवार फवारणी होते. हार-गजऱ्यासाठी काढलेल्या फुलांत औषधाचा अंश किती राहावा याचा विचार कोणी केलेला नसतो. म्हणून फुलबाजारातील, हारातील किंवा देवळातील फुले खाद्यपदार्थात कधीही वापरू नयेत. बांधावर किंवा अंगणात चार-पाच रोपे फवारणीशिवाय वेगळी राखावीत व त्यांचीच फुले घ्यावीत. शेजारच्या वाफ्यातील फवारा वाऱ्याने त्यांच्यावर येणार नाही अशा बाजूला ती असावीत.

ओळख पटल्याशिवाय कोणतेही फूल पदार्थात टाकू नये. कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, कळलावी ही विषारी आहेत. चिकाचा पांढरा चाफाही नको. कण्हेर हृदयावर परिणाम करते. केरळमध्ये एका तरुणीच्या मृत्यूचा संबंध कण्हेरीची पाने चावण्याशी जोडला गेल्यानंतर २०२४ मध्ये तेथील देवस्वम मंडळांनी नैवेद्यात ही फुले वापरणे थांबविले. सजावटीसाठीसुद्धा बिस्किटांच्या ताटात अशी फुले ठेवू नयेत, कारण ताटातील वस्तू खाण्याचीच आहे असे मुले समजतात.

गुलाबाच्या पाकळ्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी काढाव्यात. पाकळीच्या बुडाचा पांढरट भाग कडवट असतो, तो चिमटून टाकावा. सावलीत, मलमलीच्या फडक्याखाली कुरकुरीत होईपर्यंत वाळवून हाताने चुराव्यात. वरील प्रमाणास एक मोठा चमचा चुरा पुरे. जास्त घातल्यास बिस्कीट अत्तरासारखे लागते व खाणारा दुसरे उचलत नाही. ओल्या पाकळ्या पिठात घालू नयेत, त्यांच्या पाण्याने पीठ चिवट होते.

मोगऱ्याची रीत निराळी. त्याचा सुगंध उष्णतेत टिकत नाही, म्हणून पाकळ्या भाजण्यात अर्थ नाही, साखरच सुगंधित करावी. पूर्वी फुलेल काढताना तिळावर फुलांचे थर देऊन वास मुरवीत, तसेच हे काम आहे. मोगऱ्याच्या टपोऱ्या कळ्या सकाळी काढतात, पण त्या उमलतात संध्याकाळी आणि सुगंध सुटतो तो उमलतानाच. तेव्हा सकाळी काढलेल्या कळ्या दिवे लागणीला डब्यात साखरेवर मलमल पसरून त्यावर ठेवाव्यात, वर पुन्हा मलमल व साखर घालून झाकण घट्ट लावावे. सकाळी फुले काढून टाकावीत, विसरल्यास ती काळी पडून साखरेला कुबट वास येतो. असे तीन दिवस ताज्या कळ्यांनी करावे. साखर दमट झाल्यास ताटात पसरून सावलीत कोरडी करावी व मग दळावी. यातील निम्मी साखर पिठात घालावी आणि निम्मी बिस्किटे निवल्यावर वरून भुरभुरावी, कारण भट्टीत गेलेला वास बराचसा उडतो. मोगऱ्याचा बहर उन्हाळ्यात असतो, त्यामुळे ही चव एप्रिल-मेची. नाताळसाठी संत्रे व गुलाब हीच जोडी योग्य.

कृती

चोळलेली साखर व मऊ पण न वितळलेले लोणी एकत्र करून लाकडी चमच्याने फिकट होईपर्यंत फेटावे. फार वेळ फेटू नये. मैदा, पिठी व मीठ दोनदा चाळून त्यात घालावे, गुलाबाचा चुरा असल्यास याच वेळी घालावा. बोटांनी हलकेच एकत्र करावे. मुठीत दाबल्यास मुटका वळला व बोटाने ढकलल्यास फुटला की पीठ तयार झाले. एक सेंटिमीटर जाडीचे थापून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे, नंतर सुरीने तुकडे करून काट्याने टोचावेत. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळते आणि मे महिन्यात दुपारी मुंबईचे स्वयंपाकघरही तेवढेच तापलेले असते. उन्हाळ्यात हे काम पहाटे उरकावे. डिसेंबरमध्ये ही अडचण नाही.

विजेची भट्टी १६० अंश सेल्सिअसला आधी तापवून १८ ते २२ मिनिटे भाजावे. कडा जेमतेम बदामी व्हाव्यात, मधला भाग फिकटच राहावा. लालसर झाल्यास जळक्या लोण्याचा वास पुढे येतो आणि लिंबू हरवते. गरम असताना बिस्किटे मऊ लागतात, म्हणून कच्ची समजून परत भाजू नयेत. ताटात दहा मिनिटे स्थिर होऊ द्यावीत, मग जाळीवर काढावीत.

भट्टी नसल्यास जाड बुडाच्या जुन्या कढईत दोन बोटे वाळू किंवा जाडे मीठ घालून वर तिवई ठेवावी, झाकून दहा मिनिटे तापवावे व मंद आचेवर ताटली ठेवून २५ मिनिटे भाजावे. वरून रंग येत नाही, चव मात्र येते. चांगला कुकर कोरडा तापवून खराब करू नये. पूर्वी पीठ नेऊन बेकरीवाल्याकडून भाजून आणण्याची सोय होती. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बेकऱ्यांच्या लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलण्यासंबंधी निर्देश दिले. जवळच्या बेकरीची भट्टी कशावर चालते व ती घरगुती ताटे घेते का, हे सणाआधीच विचारून ठेवावे.

विक्रीसाठी

वरील साहित्याचे ६०० ग्रॅम पीठ होते. भाजताना पाणी उडून सुमारे साडेपाचशे ग्रॅम माल हाती येतो, म्हणजे २० ग्रॅम पिठाचे एक याप्रमाणे तीस बिस्किटे. किंमत मैदा-साखरेवरून ठरवू नये. सर्वांत मोठा खर्च लोण्याचा असतो आणि बहुतेक भगिनी वीज, डबे, बोटीचे भाडे व स्वतःची मजुरी हिशेबात धरतच नाहीत. एका घाण्याला लागणारे तास प्रत्यक्ष घड्याळ लावून मोजावेत, शेतातील मजुरीच्या दराने त्याची रक्कम काढावी व ती खर्चात मिळवावी. ही रक्कम धरल्यावर गिऱ्हाईक मिळत नसेल तर त्या भावात विकण्यापेक्षा लिंबूच विकलेले बरे.

घरातून विक्री करण्यासाठीही अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख, नोंदणी क्रमांक व शाकाहाराचे हिरवे चिन्ह असावे. गहू व दूध असल्याचा स्पष्ट उल्लेख करावा. फुले कोणती वापरली तेही नावानिशी लिहावे.

किनाऱ्यावरील दमट हवेत बिस्किटे उघडी राहिल्यास एका रात्रीत सादळतात. पूर्ण निवल्यावरच घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून भरावीत. कोमट भरल्यास डब्यात वाफ धरते. चव दोन ते तीन आठवडे चांगली राहते, त्यानंतर प्रथम सालीचा वास फिका होतो व मग लोणी खवट होऊ लागते. संत्र्याची व गुलाबाची बिस्किटे एकाच डब्यात ठेवू नयेत, दोन दिवसांत दोन्हींना एकच वास येतो. सादळलेली बिस्किटे मंद भट्टीत आठ-दहा मिनिटे ठेवल्यास पुन्हा खुसखुशीत होतात. मोडलेली कुटून थोड्या लोण्यात कालवावीत व पुडिंगखाली थर म्हणून दाबून घ्यावीत.