दहा गुंठ्यांच्या बागेस सूर्यशक्तीनें पाणी

रात्रपाळीच्या विजेवर अंधारांत पाणी पाजणें किती जोखमीचें आहे, हें करवीरच्या कृषकबंधूंस सांगणें नको. दिवसा वीज मिळावी म्हणून सन २०२२ मध्यें कोल्हापुरांत आंदोलनही झालें. सन २०२४ च्या ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेंत ३ ते ७.५ अश्वशक्तीचे पंप आहेत. परंतु दहा गुंठ्यांच्या भाजीपाल्यास एवढें सामर्थ्य नको.

प्रथम हिशेब करावा. दहा गुंठे म्हणजे सुमारें १,००० चौरस मीटर. उन्हाळ्यांत रोज ५ मिलिमीटर पाणी धरल्यास ५,००० लिटर लागतें. विहिरीच्या पाण्यापासून टाकीच्या तोंडापर्यंत चढ १५ मीटर असल्यास या कामास ०.२ युनिट शक्ति पुरते. पंपांत दोन तृतीयांश वायां जाते असें धरून ०.६ युनिट. पांच तासांच्या चांगल्या उन्हांत यास १२० वॅट लागतात. धूळ व उष्णता यांची घट जमेस धरून २०० वॅटचें सौर पॅनेल व त्यास जुळणारा लहान डी. सी. पंप घ्यावा. चढ मात्र वैशाखांतील पातळीपासूनच मोजावा.

बॅटरी घेऊं नये; ती महाग व अल्पायुषी. सांठवण पाण्याचीच करावी. शेताच्या उंच अंगास टाकी ठेवल्यास पाणी आपल्याच भारानें ठिबकच्या नळ्यांत उतरतें. दाब अल्प असल्यानें नळ्या आंखूड ठेवाव्या व गाळणी वरचेवर धुवावी. पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारें १७ अंश कललेलें असावें. त्यावर सावली पडूं देऊं नये.

आधीं माप, मग खरेदी, हा क्रम पाळणाऱ्याचा पैसा वायां जात नाहीं.