खलातील जुना चिकटा

प्रश्न : आमच्या वाड्यातील वैद्य आजोबांचा पितळी खल भांग घोटण्याच्या कामीही येत असे. चिंच लावून, उकळत्या पाण्याने धुऊनही त्याचा तळ चिकटच राहतो. खल बाद झाला का?
— एक वाचक, रहिमतपूर

उत्तर : मुळीच नाही. चिंचेतील आम्लाने पितळेवरील काळिमा जातो हे खरे, परंतु आपल्या खलाच्या तळाशी साचलेला पदार्थ वनस्पतीचा राळेसारखा स्राव असल्यामुळे तो आम्लात वा पाण्यात विरघळत नाही. त्यास मद्यार्कच हवा. औषधालयात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसावर घेऊन, खिडक्या उघड्या ठेवून व चूल, निरांजन, उदबत्ती दूर सारून, ते तळावर काही काळ मुरू द्यावे, मग जुन्या दातघासणीने खरवडून साबणाच्या पाण्याने धुवावे आणि लगोलग कोरडे पुसावे. लोखंडी घासणी मात्र वर्ज्य, कारण तिच्या ओरखड्यांत पुढचा चिकटा अधिकच घट्ट बसतो. दगडी खल असता तर प्रकरण कठीण होते. दगड सच्छिद्र, तो सारे शोषून घेतो.

यापुढे त्यात सुंठ, मिरी खुशाल कुटावी, चिंच वा लिंबू घातलेले वाटण मात्र कल्हईविना नको. आजोबांच्या काळची सवलत मात्र आता गृहीत धरू नये : 1985 च्या कायद्याने गांजा निषिद्ध आहे, आणि महाराष्ट्रात भांगेसही परवाना लागतो.