पिंपळावरचा पाहुणा : शिंपी की वटवट्या?

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावर राहतो. समोरच्या पिंपळावर दिवाळीनंतर चिमणीहून लहान, मळकट हिरवे पक्षी येतात. शेजारी म्हणतात शिंपी. मला पटत नाही. कसे ओळखावे?
– एक वाचक, घोडपदेव

उत्तर : तुमची शंका रास्त आहे. शिंपी बारमाही. त्याच्या डोक्यावर तांबूस टोपी, शेपटी बहुधा वर उभारलेली, आणि एवढ्याशा जिवाचा आवाज अख्ख्या चाळीला ऐकू जाणारा! फक्त हिवाळ्यात दिसतो तो बहुधा हिरवट वटवट्या, हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून येणारा. डोळ्यावरून मागे गेलेली लांब, फिकट भुवई पाहा. पंखावर एक बारीक पट्टीही असते. पण पिसे झिजली की ती पुसट होते, तिच्यावर विसंबू नका.

खरा घोळ घालतो तो ब्लाइथचा बोरू वटवट्या. तोही याच दिवसांतला पाहुणा. रंग तपकिरी, भुवई आखूड, चोच लांबट. तो शेंड्यावर क्वचितच. राणीच्या बागेत गेलात तर खालच्या झुडपांत शोधा. जीभ टाळूला लावून काढावा तसा ‘चक्’ आवाज करतो. हिरवट वटवट्याचा आवाज ‘चिस्‌-वी’.

मी तर म्हणेन, दुर्बिणीआधी कान तयार करा. पुस्तकातल्या चित्रांत पक्षी बाजूने दिसतो, झाडाखालून आपल्याला दिसते फक्त पोट. तुमच्या गॅलरीतून मात्र शेंडा थेट समोर येतो. सकाळी पिंपळावर ऊन आले की बघा. किडे टिपायला वटवटे तेव्हा पानांबाहेर येतात.