मागें राहिलेल्या मुलांचे सोबती

दिवाळी सरली म्हणजे बीड, अहिल्यानगर, जालना इत्यादि जिल्ह्यांतील पुष्कळ गांवें अर्धीं रिकामीं होतात. नवराबायकोचें जोडपें, ज्यास मुकादमाच्या हिशेबांत एक ‘कोयता’ म्हणतात, उचल घेऊन पश्चिमेकडील साखर कारखान्यांच्या फडांवर जातें, व फाल्गुन-चैत्राच्या सुमारास परततें. कांहीं मुलें आईबापांबरोबर कोपींत राहतात. कांहीं आजीपाशीं मागें राहतात. २०२१ सालीं राज्य शासनानें ह्या मुलामुलींसाठीं वसतिगृहांची योजना मंजूर केली. तिच्या गुणदोषांचा विचार आज करावयाचा नाहीं. आजचा प्रश्न इतकाच कीं, आजीपाशीं राहिलेल्या मुलास शेजारच्या एखाद्या सुजाण मनुष्यानें आठवड्यांतून एक तास दिला, तर त्या तासांत करावें काय?

वाचकहो, प्रथम वार ठरवावा व तो मोडूं नये. आमच्याच हातून एके वर्षीं हा दोष घडला. हरभऱ्याच्या पेरणीच्या गडबडींत आम्ही लागोपाठ तीन शनिवार चुकविले. चवथ्या शनिवारीं गेलों, तेव्हां तो नऊ वर्षांचा मुलगा उंबऱ्यावरून उठला आणि आंत जाऊन बसला. तो पुन्हां बाहेर येऊन आम्हांशीं खेळूं लागला, तोंवर संक्रांत उलटून गेली होती. माणसें निघून जातात हें ज्यास आधींच ठाऊक, त्यास आम्हीं तेंच पुन्हां शिकविलें. येणें जमणार नसेल तर आदल्या खेपेसच सांगावें. हंगामभर जमणार नसेल तर आरंभच करूं नये.

खेळांत सागरगोट्यांसारखा सोयीचा खेळ दुसरा नाहीं. सागरगोटे नसतील तर नदींतले पांच गोल खडे घ्यावे. एक वर उडवावा, तो खालीं येण्याच्या आंत भुईवरला एक उचलावा, व दोन्ही एकाच हातांत धरावे. मग दोन, मग तीन. हा खेळ आपण मुलाकडून शिकावा. आपला हात चुकतो, तें हंसतें, आणि दोघांचे डोळे खड्यांकडे असतां जें बोलणें सहज निघतें, तें “आईची आठवण येते का रे?” असें समोर बसवून विचारल्यानें कधीं निघत नाहीं. थोरल्या मुलीची गोष्ट निराळी. तिच्या कडेवर भावंड असतें व पुढ्यांत भांडीं. तिला “खेळावयास ये” म्हणणें ही थट्टाच होय. तिच्याबरोबर भांडीं विसळावीं व कोडीं घालावीं.

दुसरें काम पेरण्याचें. फुटक्या घमेल्यांत माती व शेणखत घालून मुलाच्याच हातानें मेथी पेरावी. थोड्याच दिवसांत कोंब दिसतात, महिन्याभरांत भाजी निघते. पाणी घालणें मुलाकडे, “विसरलास का?” अशी झडती घेऊं नये. वाळलीच तर पुन्हां पेरावी. चार रोपें मात्र उपटूं नयेत. कारण पुढें सांगूं.

तिसरें काम निरोपाचें. आतां बहुतेक जोडप्यांजवळ मोबाइल असतो, परंतु मोळ्या वाहून आल्यावर रात्रीं बोलण्याचें त्राण उरत नाहीं. मुलानें निरोप सांगावा, व आपण तो त्याच्याच आवाजांत भरून पाठवावा. शेळी व्याली, दात पडला, एवढेंही पुरे. त्याची भाषा सुधारूं नये. आणि “अमुक दिवशीं आई येईल” असेंही सांगूं नये. कारखाना केव्हां बंद होईल हें उभ्या उसावर असतें.

खाऊ एखादे वेळीं न्यावा. दर खेपेस नेल्यास मूल आपल्या हाताकडे पाहूं लागतें.

बसणें नेहमीं ओट्यावर, आजीच्या दृष्टीसमोर असावें. मुलास एकटें दूर नेऊं नये. कोणी मारतो, अथवा अंगास वाईट रीतीनें हात लावतो, असें मूल सांगूं लागलें तर “कोणास सांगणार नाहीं” असें वचन देऊं नये. शांतपणें ऐकावें, खोदून विचारूं नये, “तुझा कांहीं दोष नाहीं” असें म्हणावें, व १०९८ ह्या क्रमांकावर कळवावें. तो रात्रंदिवस चालतो व त्यास पैसे पडत नाहींत. मुलांवरील लैंगिक अत्याचार कळविणें हें २०१२ च्या कायद्यानें बंधनकारक आहे. गांवकीची भीड त्याच्या आड येऊं देऊं नये.

आतां त्या चार रोपांविषयीं. हंगाम संपेपर्यंत त्यांस शेंगा धरून वाळतात. आईबाप गाडीवरून उतरतील त्या दिवशीं मुलानें तें बीं आईच्या ओंजळींत घालावें. त्या दिवशीं आपण तेथें जाऊं नये. दुसऱ्या दिवशीं जावें, व येत्या शनिवारचें काय, तें मुलासच विचारावें.